सुधारून दे म्हणू नका, चुका दाखव म्हणा

प्रश्न : नमस्कार. मी अकोल्याची, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि बरीच वर्षं थोडंफार ललित लिहिते. माझे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात कामाला होते, त्यांच्यावर एक मोठा लेख लिहून एका दिवाळी अंकाला पाठवला. संपादकांचा निरोप आला की लेख चांगला आहे पण शुद्धलेखनाच्या चुका फार आहेत, तेवढ्या सुधारून पाठवा, घेतो. भाच्याला सांगितलं तर त्याने पाच मिनिटांत एआयमध्ये टाकून अख्खा लेख 'सुधारून' दिला. शुद्ध झाला हो, पण मला तो माझा वाटेनाच. भाचा म्हणतो आत्या तुला सवय नाही म्हणून तसं वाटतं. वर्डमध्ये टाकला तर निम्म्या शब्दांखाली लाल रेघा. आता मी काय करू, ही सॉफ्टवेअरं वापरू की नको? आणि वापरली तर ती संपादकांची फसवणूक होईल का? दोन्ही लेख सोबत पाठवतेय, त्यातलं काही सदरात छापलं तरी चालेल.

उत्तर :

ताई, दोन्ही लेख वाचले, आणि आधी भाच्याचा विषय मिटवून टाकू. त्याने वाईट काही केलेलं नाही, तुम्ही सुधारून दे म्हणालात, त्याने तेच मशीनला सांगितलं, आणि मशीनने पण तेच केलं. गडबड त्या 'सुधारून दे' मध्येच आहे. सुधारायचं म्हणजे नेमकं काय हे कुणीच ठरवलं नव्हतं, त्यामुळे ते मशीनने ठरवलं. तुमच्या लेखात खरोखरच्या चुका आहेत (आहेत हो, संपादक उगाच म्हणत नाहीयेत) आणि तुमची म्हणून एक बोलायची ढब आहे, आणि मशीनला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, दोन्ही 'प्रमाण नाही' याच खात्यात. मग ते दोन्ही झाडून काढतं.

तुमचं मूळ वाक्य असं आहे :

"बाबा जिनातून आले की भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि आजी दारातूनच ओरडायची, पाय व माय, माहा लेक म्हातारा होऊन आला, आणि बाबा पण मग खरंच कमरेत वाकून काठी टेकत टेकत आल्यासारखे घरात यायचे."

आणि सुधारलेलं :

"वडील कारखान्यातून परतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर कापसाचे कण दिसत असत. हे पाहून आजी विनोदाने म्हणत असे, 'बघा, माझा मुलगा वृद्ध होऊन परतला आहे.' हा क्षण आमच्या कुटुंबातील जिव्हाळ्याचे प्रतीक होता."

भाच्याला हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवा. भुवया गेल्या, चेहरा आला. आता भुवया पांढऱ्या झाल्या म्हणून तर म्हातारा, चेहऱ्यावर कण असतील तर माणूस नुसता मळलेला दिसतो, म्हणजे आजीच्या बोलण्याला काही अर्थच उरला नाही, आणि तो उरला नाही म्हणून मग 'विनोदाने' असं सांगावं लागलं. बाबांचं काठी टेकत येणं तर सरळ गायबच, का तर त्यात 'माहिती' काही नाही. आणि एवढं सगळं काढून मोकळ्या झालेल्या जागेत काय भरलं, तर 'जिव्हाळ्याचे प्रतीक'. एका लांबलचक वाक्याची तीन नीटनेटकी वाक्यं झाली आणि तिन्हीत बाबा नाहीत. तुम्हाला सवय नाही वगैरे काही नाही, तुमचा कान बरोबर आहे.

अजून एक सापडलं. तुम्ही लिहिलंय की प्रेसमधून गाठ निघाली की जमीन हादरायची. सुधारलेल्या लेखात गाठीचं 'गाठोडे' झालंय. कापसाची गाठ म्हणजे १७० किलोची दाबून आवळलेली रुई, ती पडली तर जमीन हादरणारच, गाठोडं पडून कशी हादरेल? मशीनला वाक्य गुळगुळीत वाटलं, पुढे गेलं. 'रेचा' (कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र) या शब्दाचं तर एके ठिकाणी 'रेषा' झालंय, म्हणजे बाबा आठ आठ तास रेषेसमोर उभे! हे असलं संपादकांना कळेल असं धरून चालू नका, पुण्या-मुंबईच्या संपादकाने रेचा पाहिलेला असेलच असं नाही, ते सरळ छापून टाकतील.

तर सॉफ्टवेअर वापरू की नको? वापरा की, भरपूर वापरा, मी पण वापरते, रोज. फक्त आधी एक काम करा आणि ते कागदावर करा. एक पान घ्या आणि त्यावर लिहून काढा की या लेखात काय बदलायचं नाही. आजीचं आणि बाबांचं बोलणं वऱ्हाडीतच राहील. जिन, रेचा, सरकी, रुई, गाठ हे शब्द असेच राहतील. निवेदन कुठल्या भाषेत, 'केले, गेले, म्हटले' की 'केलं, गेलं, म्हटलं', ते पण एकदाच ठरवा, कारण तुमच्या लेखात सध्या दोन्ही आहे, पहिल्या पानावर केले आणि तिसऱ्यावर केलं. माझं मत विचाराल तर केलं-गेलंच ठेवा, तुमचा सूर बोलण्याचा आहे. नियमांच्या पुस्तकात ही अनुस्वाराची रूपं बोलण्याची भाषा म्हणून मान्य आहेत, एरवी एकारान्त लिहा म्हणतात, पण ललित लिखाणात आज सगळेच सर्रास केलं-गेलं लिहितात, कुणी डोळे वटारत नाही. फक्त लेखभर एकच ठेवा. हे पान तयार झालं की मग कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, कारण आता काय विचारायचं ते तुम्हाला माहितीये.

लाल रेघांचं बोलू. तुम्ही त्या बघून घाबरलेल्या दिसताय, नका घाबरू. लाल रेघ म्हणजे 'चूक' असं नसतं, लाल रेघ म्हणजे 'हा शब्द माझ्या यादीत नाही'. बस एवढंच. मराठीत आपण शब्दाला मागून डबे जोडत जातो, घर, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनासुद्धा, आता एवढं सगळं कुठल्या यादीत लिहून ठेवणार? लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये जो मराठी शब्दकोश जोडून घेता येतो तो हनस्पेल नावाच्या प्रोग्रॅमवर चालतो, आणि तो मुळात हंगेरियन भाषेसाठी बनवलेला, कारण त्यांच्याकडे पण शब्दाला असे प्रत्ययावर प्रत्यय लागतात. त्यात मूळ शब्दांची एक यादी आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी अशी सोय असते, तरीही मराठीतलं सगळं त्यात मावलेलं नाहीये. तुमच्या वर्डची अडचणही तीच, म्हणून निम्म्या लेखाखाली रेघा.

आणि याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे ती म्हणजे रेघ नाही म्हणून शब्द बरोबर असंही नाही. तुम्ही 'दिनदुबळे' लिहिलंय, ते हवं 'दीनदुबळे'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, दोन्ही खरे शब्द, त्यामुळे नुसतं 'दिन' असेल तर मशीनची काही तक्रार नाही. 'भजनाचे सुर' लिहिलंय, हवेत सूर, सुर म्हणजे देव, तोही खरा शब्द. आजीचा 'पाय' म्हणजे पाहा, पण मशीनच्या लेखी तो अंगाचा पाय, तिथेही सगळं आलबेल. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली चूक म्हणजे 'त्या मुळे'. फोनवर टाइप करताना सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड पुढे आपोआप स्पेस टाकतो, आणि 'त्यामुळे' चं 'त्या मुळे' होतं, 'घरासमोर' चं 'घरा समोर', 'मुलांसाठी' चं 'मुलां साठी'. 'त्या मुळे' ला रेघ येत नाही कारण दोन्ही सुटे शब्द शब्दकोशात आहेत, झाडाची मुळे समजून तो गप्प बसतो. तुमच्या लेखातल्या संपादकांना खटकलेल्या चुकांपैकी मला वाटतं बऱ्याचशा याच आहेत. म्हणजे तुमचं व्याकरण कच्चं नाहीये, तुमचा अंगठा घाईत आहे.

रेघांचा त्रास कमी करायला दोन गोष्टी करा. एक, जिन-रेचा-सरकी सारख्या शब्दांवर राइट क्लिक करून 'ॲड टू डिक्शनरी' करा, पुन्हा रेघ येणार नाही. फोनच्या कीबोर्डमध्ये पण सेटिंगमध्ये पर्सनल डिक्शनरी असते, तिथेही टाका म्हणजे तो सरकीचं सरकारी करणार नाही. दोन, वर्डमध्ये आजीचे संवाद सिलेक्ट करा, रिव्ह्यूमध्ये लँग्वेजमध्ये 'सेट प्रूफिंग लँग्वेज' आहे, तिथे 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर' ला टिक करा. आता आजीच्या बोलण्याखाली एकही रेघ नाही, आणि जिथे रेघ उरेल तिथे खरंच थांबून बघावंसं वाटेल. एरवी इतक्या रेघांमध्ये माणूस सगळ्याच रेघांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

आता तुमच्या खऱ्या चुका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १८ आहेत, १४ आले १९६२ मध्ये आणि नंतर १९७२ मध्ये आणखी ४. एवढेच. बसून वाचले तर एक दुपार पुरते. पण तुम्हाला सध्या त्यातले सगळे लागत नाहीयेत. तुमच्या चुका ठरावीक आहेत, मी बघितल्या, त्याच त्याच परत येतात. 'आणी' हवं 'आणि'. शेवटचा इकार-उकार दीर्घ हा नियम तुम्ही बरोबर पाळताय, पण 'आणि' हा त्यातला अपवाद. 'तीने' हवं 'तिने'. 'माहीती' हवं 'माहिती', पण 'माहीत' मात्र दीर्घच, कारण शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार दीर्घ होतो, गरीब दीर्घ पण गरिबाला ऱ्हस्व, फूल दीर्घ पण फुलाला ऱ्हस्व, तसंच हे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र यात येत नाहीत, शरीर-शरीराला दीर्घच राहतं, आणि म्हणूनच 'परिक्षा' नाही, 'परीक्षा'.

चुका ठरावीक असल्या की फाइंड अँड रिप्लेस वापरायचा मोह होतो आणि वापरावाच, पण 'रिप्लेस ऑल' ला हात लावू नका. म्हणजे खरंच नका लावू. 'आणी' च्या जागी 'आणि' रिप्लेस ऑल केलंत तर तुमच्या लेखातल्या आणीबाणीचं 'आणिबाणी' होईल. 'तीने' च्या जागी 'तिने' केलंत तर 'पद्धतीने' चं 'पद्धतिने', 'रीतीने' चं 'रीतिने', 'शक्तीने' चं 'शक्तिने', म्हणजे दहा चुका काढायला गेलात आणि वीस घालून आलात, तेही तुमच्या नकळत, आणि मग संपादकांचा परत निरोप. एक एक करून जा, 'फाइंड नेक्स्ट', बघा, बदला, पुढे. शोधताना शब्दाच्या आधी एक स्पेस देऊन शोधलं की पद्धतीने-रीतीने वगळले जातात, पण मग परिच्छेदाच्या सुरुवातीचा किंवा अवतरणचिन्हाला चिकटलेला 'तीने' पण सुटतो, तेवढे डोळ्याने बघा.

शोधाशोधीत अजून एक घोळ तुम्हाला लागणार आहे, आधीच सांगून ठेवते नाहीतर वेड लागायची पाळी येते. तुम्ही म्हणता लेखाचा पहिला भाग फार पूर्वी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत (जुन्या फॉन्टचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) लिहिलेला, तो कन्व्हर्ट केला, आणि बाकीचा फोनवर लिहिला. त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये 'म्हाताऱ्या' मधला 'ऱ्या' दोन प्रकारचा आहे. दिसायला अगदी सारखा. पण एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याचा पाय मोडलेला, आणि दुसऱ्यात साधा 'र', त्याचा पाय मोडलेला आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही एक टाइप करून शोधलंत तर दुसरा सापडत नाही, तुम्हाला वाटतं संपले सगळे. उपाय सोपा आहे, लेखातल्याच त्या दुसऱ्या 'ऱ्या' ला कॉपी करून फाइंडच्या खिडकीत पेस्ट करा, रिप्लेसमध्ये तुमच्या कीबोर्डवरचा टाका, लेखभर एकच करून घ्या. 'ॲ' चं तर तिहेरी दुखणं आहे, कुणी 'अ' वर नुसता चंद्र चढवतं, कुणी हिंदी कीबोर्डवरचा 'ऍ' टाकतं, आणि मराठीचा स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-फोनवर चालणाऱ्या अक्षरांच्या यादीत, आला तोच २००८ साली. तुमच्याकडे ॲल्युमिनिअमचा डबा तीन जागी आलाय आणि तीन तऱ्हांनी.

आणि कन्व्हर्ट केलेला भाग एकदा फक्त पहिली वेलांटी आणि रफार यांच्यासाठी वाचून काढा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, जशी दिसते तशी, आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, त्यामुळे कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते आणि जोडाक्षर आलं की तो हमखास अडखळतो. या चुका तुमच्या नाहीत पण नावावर तुमच्याच जातात.

वऱ्हाडी किंवा जुन्या शब्दाची शंका आली तर एआयला विचारू नका, ते काहीही ठामपणे सांगतं. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही फुकट शोधता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि सरकी त्यातही आहे! कुणी म्हणालं हा शब्द बोलीतला आहे काढा, तर हे दाखवा.

आता एआय. त्याला 'सुधार' म्हणायचं नाही, 'दाखव' म्हणायचं. मी साधारण असं लिहिते, तुम्ही हवं तर जसंच्या तसं उचला : "खालच्या परिच्छेदात एकही शब्द बदलू नकोस. फक्त ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार आणि चुकून तुटलेले शब्द यांची यादी दे. प्रत्येकासाठी मूळ शब्द, तुझ्या मते बरोबर शब्द आणि कारण. अवतरणचिन्हातलं बोलणं वऱ्हाडी आहे, त्याला हात लावू नकोस. जिन, रेचा, सरकी, रुई, गाठ हे शब्द बरोबर आहेत." आणि एका वेळी एकच परिच्छेद. अख्खा लेख दिला की ते मधली वाक्यं गुपचूप गाळतं आणि सांगत पण नाही. यादी आली की तुम्ही ठरवा, कारण यादीत काही भलत्याच दुरुस्त्या असतील, कारणासकट आणि अगदी आत्मविश्वासाने, तेव्हा ते कारण नियमाशी ताडून बघा. 'तुम्हाला' चं 'तुम्हांला' कर म्हणेल, आता नियमाने ते अनुस्वारासकटच आहे, पण हल्ली लिहितंय कोण? ते तुमच्या त्या पानावर ठरवून टाका आणि सोडून द्या.

एका बाबतीत मात्र एआय फार कामाचं आहे आणि ते लोक करत नाहीत. त्याला वाचक करा. विचारा की जिनिंग कधीच न बघितलेल्या माणसाला हा लेख वाचताना कुठे अडेल? तुमच्या लेखावर मला स्वतःलाच दोन जागा सापडल्या. रेचा म्हणजे काय ते तुम्ही चौथ्या पानावर सांगता पण तो येतो पहिल्या पानावर. आणि बाबांनी बिडी का सोडली ते नीट कळत नाही, मला अंदाज आला की जिनात काडेपेटी न्यायला बंदी असते, सगळीकडे रुई, एक ठिणगी पुरे, पण ते लेखात एका ओळीत यायला हवं. असले प्रश्न मशीन बरे काढतं. उत्तरं मात्र तुम्ही लिहा, ते 'मी लिहून देऊ का' विचारेल, दर वेळी विचारेल, नको म्हणा.

आणि ज्या वाक्यांवरून एआयचं लिखाण लगेच ओळखू येतं ती तुमच्या लेखात राहिली नाहीत ना ते बघा, कारण तुम्ही म्हणता भाच्याच्या लेखातलं थोडं तुम्ही ठेवलंय. 'महत्त्वाची भूमिका बजावते', 'केवळ कारखाना नव्हता तर एक कुटुंब होते', 'आठवणींचा अमूल्य ठेवा', परिच्छेदाच्या शेवटी आधीच सांगितलेल्याचा अर्थ परत सांगणारं वाक्य. हे शोधायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वर्डमधलं कम्पेअर, रिव्ह्यूमध्येच आहे. मूळ फाइल आणि आत्ताची फाइल दिली की कुठला शब्द गेला, कुठला आला सगळं रंगात दिसतं. गूगल डॉक्समध्ये पण कम्पेअर डॉक्युमेंट्स आहे. यासाठी मूळ फाइल वेगळी ठेवलेली असली पाहिजे हे आलंच, नावातच 'मूळ' लिहा आणि तिला कधी उघडून बदलू नका. तुमच्या मेलमध्ये ती सापडली, बरं झालं.

ऱ्हस्वदीर्घ सगळं शेवटी हं. आधी लेख ऐका. वाचा नाही, ऐका. मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये 'रीड अलाउड' आहे आणि त्यात दोन मराठी आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. लेख त्यात उघडा आणि लावा. आपण आपलं लिखाण वाचताना डोळा गाळलेला शब्द स्वतःच भरून घेतो, आरोही तसं करत नाही, जे आहे तेच वाचते, दोनदा 'आणि' असेल तर दोनदा 'आणि'. तुमचं ते 'खूप' तिसऱ्या पानावर किती वेळा आलंय ते तेव्हा कळेल. तिचे उच्चार मात्र मनावर घेऊ नका, चाकाचा च वेगळा आणि चारचा वेगळा हे आपल्याला जन्मजात कळतं, लिहिण्यात तर फरक नाही, त्यामुळे ती कधीकधी चुकते. आजीचं बोलणं ती म्हणजे अगदी बातम्या दिल्यासारखं वाचेल, ते तुकडे तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा, किंवा घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना वाचायला लावा, कुठे अडखळतात ते बघा.

एक जरा नाजूक. तुमच्या लेखात बाबांच्या एका सोबत्याचा हात रेच्यात गेला तो प्रसंग आहे, त्यांचं नाव आहे, मालकाचं नाव आहे, भरपाई मिळाली नाही हे पण आहे. हे सगळं तसंच फुकटच्या एखाद्या टूलमध्ये पेस्ट करू नका. काही टूल आपण टाकलेला मजकूर पुढे स्वतःच्या ट्रेनिंगला वापरतात, सेटिंगमध्ये ते बंद करता येतं पण किती जण करतात? नावांच्या जागी अ, ब टाका, काम झालं की परत बदला. छापताना नावं ठेवायची का हा वेगळा प्रश्न आहे, तो त्या घरच्यांना विचारून सोडवा, एआयला नाही.

फसवणुकीचं विचारलंत. लाल रेघा बघून वेलांटी बदलणं ही फसवणूक कशी होईल, पूर्वी हे काम मुद्रितशोधक करायचे आणि लेखकाचं नाव लेखकाचंच असायचं. पण भाच्याने दिलेला लेख जसाच्या तसा तुमच्या नावाने पाठवला असता तर मी म्हटलं असतं की संपादकांना सांगा, कारण ती वाक्यं तुमची नाहीत. मधलं काही असेल, म्हणजे दोन-चार वाक्यं मशीनची घेतली असतील, तर मेलमध्ये एका ओळीत लिहून टाका. काही अंक आता स्वतःहून विचारतात, तेव्हा खरं सांगितलेलं बरं.

पाठवताना वर्ड फाइल युनिकोडमध्ये पाठवा आणि सोबत एक पीडीएफ, म्हणजे त्यांच्याकडे अक्षर तुटलं तर मूळ कसं होतं ते त्यांना दिसेल. तुमच्या त्या पानावरची 'बदलू नये' वाली यादी मेलमध्ये टाका, वऱ्हाडी संवाद आणि जिनातले शब्द, संपादक उलट खूशच होतील, त्यांचा फोन वाचतो. आणि पानं लागली की प्रूफची पीडीएफ मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी पानं इनडिझाइनमध्ये लावतात आणि त्यात देवनागरीसाठी वेगळा कम्पोझर निवडावा लागतो, तो राहिला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, शुद्ध केलेला लेख छापताना परत अशुद्ध. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रूफमध्ये रफार, 'ऱ्या', 'ॲ' आणि आजीचे संवाद एवढं तरी नक्की बघा.